कोळशाचा डबा

दौंड हे जंक्शनचं गाव. तिथे इंजिनाविषयी मत नसलेला माणूस सापडणं अवघड. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, तर तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्यामुळे त्यांच्या पेट्रोलच्या गाडीने नखरे सुरू केले तेव्हा निदान सांगणाऱ्यांना तोटा नव्हता.

टाकी अर्धी असली की गाडी न्हावऱ्यावरून शिरूरपर्यंत सरळ यायची. टाकी भरली की पंपावरच बसकण. "भरपेट झालं की न उठणं हा गुण जावयाचा," असं मेहुण्याचं निरीक्षण. एकाने प्लग बदलायला लावले, दुसऱ्याला भेसळीचा संशय, तिसऱ्याने उंदरावर घेतलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. सगळ्यांत स्वस्त उपाय तोच. रांजणगाव आणि सिद्धटेक, दोन्ही गणपतींना साकडं घालून झालं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही विझेना.

शेवटी शिरूरच्या एका पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. आकडा आला पी०४४१. "पर्ज व्हॉल्व्ह बघू," तो म्हणाला.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ होत असते, आणि आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. ती मोकळी सोडली तर हवा बिघडते, म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासूनच तिला कोंडायला लावलं. कोंडायची जागा म्हणजे कोळशाने भरलेला एक डबा. कोळसा वाफ धरून ठेवतो. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर टाकी भरताना वर ढकललेली सगळी वाफ इंजिनात घुसते, आणि स्टार्टर नुसता कुरकुरत राहतो.

पोराने व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकला. वायर जोडलेली नसताना तो बंद असायला हवा. इथे हवा आरपार. मग डबा काढून उलटा केला. पेट्रोल ठिबकलं, पाठोपाठ काळे दाणे. त्यातलेच काही व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसले होते.

"काका, पंपाची नळी कट झाल्यावरही भरायला लावता का?"

"मग? अठराशे त्र्याहत्तर हा काय आकडा आहे? मी राउंड फिगर करायला सांगतो."

"ते वरचं पेट्रोल ह्या कोळशाच्या डब्यात उतरतं."

मामांच्या कानात एकच शब्द शिरला होता. दाणे तळहातावर घेऊन त्यांनी चोळले, हुंगले. इतक्या वर्षांनी चेहऱ्यावर ड्यूटीची कळा आली.

"ह्या गाडीत कोळसा आहे? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आहे, पण भिजलाय."

"आम्हीही कोळशावर पाणी मारायचो, धूळ बसावी म्हणून. पेट्रोल कुणी मारतं का?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी स्कॅनरकडे. जावयाने काही बोलायची ती वेळ नव्हती.

डबा आणि व्हॉल्व्ह मिळून किती होतील ते पोराने सांगितलं. मामांनी पाकीट काढलं.

"राउंड फिगर कर," ते म्हणाले, "खालच्या अंगाला."