नास्तिकांची वहिवाट

कोल्हापुरात प्रत्येक पेठेला एक तालीम असते, एक तरुण मंडळ असते आणि एक नास्तिक असतो. तालमीला वस्ताद लागतो, मंडळाला अध्यक्ष लागतो. नास्तिकाला मात्र वाद घालण्यापुरता एक आस्तिक मिळाला की पुरे, आणि तो पुरवण्याच्या कामी करवीरक्षेत्राने कधी हात आखडता घेतल्याचे ऐकिवात नाही. हा गृहस्थ बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला असतो. उभी पेठ त्याला 'तात्या' म्हणते. त्याच्या खिशाला दोन पेने असतात, आणि काखेतल्या कापडी पिशवीत, जिथे इतर वृद्ध पोथी किंवा जपमाळ बाळगतात तिथे, निरनिराळ्या कचेऱ्यांत दाखल केलेल्या अर्जांच्या बारनिशीचा शिक्का बसलेल्या स्थळप्रती असतात.

तात्यांच्या नास्तिक्याचा उगम जो कोणी दर्शनशास्त्रांत शोधू जाईल तो फसेल. चार्वाकाचे नाव ते आदराने घेतात, परंतु दूरच्या नातलगाचे घ्यावे तसे; त्यांच्या अविश्वासाचा खरा उगम सातबाऱ्यात आहे. ज्यांच्या अस्तित्वाविषयी आपल्या षड्दर्शनांचेही एकमत होऊ शकले नाही, त्या देवांची नावे देवस्थान इनाम वर्ग तीनच्या जमिनींवर स्वतःच्या ठसठशीत अक्षराने उतरवण्यात त्यांची हयात गेली. कायद्याच्या दृष्टीने मूर्ती ही एक व्यक्तीच असते, ती जमीन धारण करते, प्रसंगी दावाही लावते, फक्त तिचा कारभार पाहणारा कोणी दुसरा असावा लागतो, हे त्यांनी रोज पाहिले. आणि मालक कचेरीची पायरी कधीच चढत नाही, येतो तो वहिवाटदार, हे जसजसे त्यांच्या लक्षात येत गेले तसतशी त्यांची श्रद्धा फेरफाराच्या नोंदीगणिक कमी होत गेली. "देव आहे की न्हाई हे मागनं बघू," असे ते गंगावेशीच्या कट्ट्यावर, समोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला हातात घेऊन, सांगतात, "आधी त्याच्या नावानं सही कोण करतंय ते बघा."

हा बाणा तात्यांचा एकट्याचा नव्हे, तो या मातीचा आहे. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू छत्रपतींसाठी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघडकीस आले, आणि त्यातून जे प्रकरण पेटले त्यात राजोपाध्यांची इनामे खालसा झाली, १९११ साली करवीरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे स्वतंत्र पीठ निर्माण झाले. तात्या ही सारी वंशावळ आपल्या नास्तिक्याच्या पुष्ट्यर्थ दाखल करतात. त्यावर एखादा खवचट प्राध्यापक जेव्हा निदर्शनास आणतो की, छत्रपतींनी देवाशी भांडण मांडले नव्हते, मंत्र कोणता म्हणावा आणि तो कोणी म्हणावा यावर मांडले होते, आणि जोतीराव फुल्यांनीही निर्मिकाला रजा दिलेली नव्हती, तेव्हा तात्या चष्मा काढून पुसतात, पुन्हा घालतात आणि म्हणतात, "त्यांनी मध्यस्थांवर फिर्याद केली, मी मालकालाही सामील प्रतिवादी केलाय, एवढाच फरक."

फिर्यादी मनुष्याला प्रतिवादीच्या हालचालींवर नजर ठेवावी लागते, आणि तात्यांइतकी ती कोणी ठेवीत नाही. पेठेतल्या कोणत्याही सुवासिनीला ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीकडे केव्हा निघेल, कोहळा कधी फुटेल, हे विचारायचे असेल तर ती पुजाऱ्याकडे न जाता तात्यांकडे जाते. घरात काकू निष्ठावंत. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईला घालायचे असते, पी-ढबाकचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की काकू अस्सल कोल्हापुरी थाटात "अवो, मी निघालो! घागर कोण उचलणार?" एवढेच विचारतात, आणि सृष्टीच्या आदिकारणाविषयीचा वाद अर्धवट सोडून तात्या घागर उचलतात. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठीचा एक दोर त्यांच्या हाती असतो. एवढ्या उंच काठीचा गुरुत्वमध्य कसा सांभाळला जातो याचे आपण केवळ निरीक्षण करतो, असा त्यांचा खुलासा आहे. संध्याकाळी नखशिखान्त गुलाबी होऊन परतल्यावर कोणी छेडलेच तर, "गुलालाला धर्म नसतो, निवडणुकीतबी हाच उधळत्यात," हे उत्तर तयार असते.

परंतु तात्यांचे यथार्थ दर्शन घडते ते किरणोत्सवात. अंबाबाईचे मुख पश्चिमेला. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, आणि पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग व तिसऱ्या दिवशी मुख उजळतात, अशी परंपरा. या दिवसांत तात्या साडेचारलाच दाखल होतात. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रकाशमापक यंत्र घेऊन आलेले असतात, भाविक हात जोडून उभे असतात, आणि या दोहोंच्या मधोमध तात्या वहीत रकाने आखून उभे राहतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, अशी एकेका टप्प्यावर सोनेरी तिरीप सरकत जाते आणि तात्यांचे पेन तिच्यामागून सरकते. सूर्य दक्षिणेकडे उतरताना क्षितिजाच्या ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो उत्तरेकडे परतताना पुन्हा मावळणारच, आणि म्हणूनच हे दोन्ही उत्सव २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे सुमारे सहा-सहा आठवड्यांवर येतात, यात चमत्कार कसला, हे ते शेजारच्या अनोळखी माणसालाही समजावून देतात. मात्र मावळतीच्या सुमारास तिरीप गाभाऱ्यात शिरून चरणांपाशी पोहोचते आणि सारा मंडप एका कंठाने जयजयकार करतो, तेव्हा पुढील रकाना कोरा राहतो. का, ते विचारू नये. विचारल्यास 'गर्दीत धक्का लागला' असा शेरा मिळतो.

एखाद्या वर्षी ढग येतात, धुरकट हवा आडवी येते, ते तात्या निमूट सोसतात. परंतु किरणांच्या वाटेत एखादी नवी इमारत, एखादी पाण्याची टाकी किंवा कोणाच्या गच्चीवरचे वाळत घातलेले लुगडे आडवे आले की त्यांच्यातला अव्वल कारकून खवळून उठतो. वास्तविक देवीचा मार्ग अडला याचे दुःख भक्तांना व्हावे. भक्त 'तिची इच्छा' म्हणून घरी जातात आणि जेवतात. तात्या रात्री जागून तक्रारअर्ज लिहितात. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्याप्रमाणे इमारतीला वीस वर्षे निर्वेधपणे मिळत आलेल्या उजेडात आडकाठी करण्याचा हक्क शेजाऱ्यास नाही, आणि इथे तर कित्येक शतकांची वहिवाट आहे, असा त्यांच्या अर्जाचा मथितार्थ. "पण तात्या, देवीच नाही म्हणता, मग उजेड कुणाचा अडला?" असे कोणी विचारले तर ते अत्यंत सहनशीलपणे सांगतात, "देवी न्हाई. तिच्या उजेडाची वहिवाट आहे."

या माणसाला हसणे सोपे आहे, आणि पेठ हसतेही. परंतु अविश्वास ही नेहमीच कट्ट्यावरची चैन नसते, हेही या गावाने पाहिले आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेल्या गोविंद पानसऱ्यांवर याच शहरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी ते गेले. पुढे इथे 'निर्भय मॉर्निंग वॉक' निघू लागले, तेव्हा गुडघेदुखीच्या सबबीवर सकाळचे फिरणे वर्षानुवर्षे टाळलेले तात्या मफलर गुंडाळून त्यात चालले, आणि देवपूजा आटोपून काकूही त्यांच्या शेजारून चालल्या.

देवच नसेल तर जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न तात्यांना एकदाच भर कामात विचारला गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली होती आणि शाळांतून पूरग्रस्तांची सोय केली होती. तिथे तात्या फूलस्केप कागदांवर माणसांचा जाबता करीत बसले होते: नाव, गल्ली, सोबत कोण, औषध कोणते. हाताखाली दिलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने रात्री दहाच्या सुमारास, अंगावर ओले कपडे आणि हातात पोळ्यांचा डबा असताना, हा सनातन प्रश्न काढला. "आधी त्या कोपऱ्यातल्या मावशींची बीपीची गोळी बघ गा," तात्या मान वर न करता म्हणाले, "अर्थ रात्री काढू." रात्री गोळ्या, चादरी आणि एका हरवलेल्या शेळीचा तपास यांत दोघांनाही अर्थ काढण्यास सवड मिळाली नाही, आणि सकाळी त्या मुलाने तो प्रश्न पुन्हा उपस्थित केल्याचे दप्तरात नमूद नाही.

तात्यांनी आता देहदानाचा अर्ज भरला आहे. काकूंनी संमतीची सही केली ती, "देह त्यांना द्या, आत्मा निघालाच तर तो माझ्याकडं," ही तोंडी अट घालून, आणि तात्यांनी ती अट 'निरर्थक, म्हणून मान्य' केली. या अर्जाची वार्ता देवळापर्यंत गेली, तेव्हा एक वृद्ध पुजारी महाद्वारात त्यांना गाठून म्हणाले, "तात्या, इतक्यात जायचं नाव काढू नका. तुमच्यामागं आमचे अर्ज कोण लिहिणार? अंबाबाई तुम्हांला उदंड आयुष्य देवो."

"ती मला कुठलं आयुष्य देणार?" तात्या पिशवी सावरीत उद्गारले. "तिच्याच उजेडाचा अर्ज अजून माझ्याकडं पडलाय."

या उत्तरात देवीच्या अस्तित्वाची कबुली कितपत होते, या मुद्द्यावर गंगावेशीच्या कट्ट्यावर दोन तट पडले असून, पुढील सुनावणी येत्या किरणोत्सवापर्यंत तहकूब आहे.