लिंटेलला आलेलं घरकुल

अपूर्ण घरकुलं पूर्ण करण्याचं काम सरकारने इतक्यांदा हाती घेतलं आहे, की आता हे हाती घेण्याचं कामच कधी पूर्ण होतंय ते बघावं. २० नोव्हेंबर २०२० ला महाआवास अभियान सुरू झालं. मुदत १०० दिवस. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा सुरू झालं. २०२२ मध्ये त्याला 'अमृत' लागलं. २०२५ चा पहिला दिवस उजाडला आणि परत १०० दिवस. दरम्यान पुरस्कार आहेतच: उत्कृष्ट जिल्हा, उत्कृष्ट तालुका, उत्कृष्ट ग्रामपंचायत. घर लिंटेलला, ट्रॉफी शोकेसला.

लिंटेलला आलेलं घर बघायचं असेल तर आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर किंवा देवळी तालुक्यात एक चक्कर मारा. चार भिंती, वर गंजलेल्या सळ्या आणि आत तुरीचं कुटार, पऱ्हाटीचे भारे, एक शेळी. शहरांतली रिकामी पडलेली सरकारी घरं भाड्याने देऊन वापरात आणण्याची योजना केंद्राने २०२० मध्ये काढली. आमच्याकडे शेळीने मंजुरी, जीआर, बैठक यातलं काहीही न करता ती राबवून दाखवली. भाडं म्हणून दूधसुद्धा देते.

आता हिशेब. घर २६९ चौरस फुटांचं, अनुदान १ लाख २० हजार. आकडा २०१६ चा आहे आणि तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. सिमेंट, विटा, गिट्टी मात्र हलल्या. पहिला हप्ता १५ हजार. एवढ्यात पाया खोदून होतो, भरून होत नाही. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, म्हणजे स्वतःच्या घरावर मजूर होण्याची सोय आहे. २०२५ मध्ये राज्याने मन मोठं करून आणखी ५० हजार जाहीर केले. त्यातले १५ हजार छतावर सोलर बसवणाऱ्यासाठी. छत आधी की सोलर आधी, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावं.

खरा अडकलेला मुद्दा रेतीचा. घरकुलवाल्याला पाच ब्रास रेती फुकट, असं धोरण सांगतं. वाहतूक त्याने करायची. घाट कुठला, तर ज्याची परवानगी झाली असेल तो. परवानगी व्हायला उन्हाळा लागतो, आणि १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत उपसा बंद. उरलेल्या दिवसांत वर्धा आणि वणा नदीची रेती रात्री टिपरमधून जाते, दिवसा तहसीलच्या फाइलमधून. रात्रीची पोहोचते.

अशा वेळी गावात येतो तो फोटो काढणारा. जिओ टॅगिंगशिवाय पुढचा हप्ता नाही, म्हणून लाभार्थ्याला भिंतीपुढे उभं करतात.

"भाऊ, थोडे इकडं सरका. फोटोत कुटार येऊन राह्यलं."

"साहेब, रेती कवा भेटन?"

"रेती माह्याकडं नाही ना बापा. माह्याकडं ॲप हाय."

हा बिचारा कंत्राटी अभियंता. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्या मोबाइलवर रोज 'प्रगती निरंक' म्हणून मेसेज येतो. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना एका दिवसात मंजुरीपत्रं देण्यात आली. २० लाख माणसांनी एकदम मिस्त्री कुठून आणायचा, हे त्या पत्रात लिहिलेलं नव्हतं.

आणि हे सगळं कुठल्या जिल्ह्यात, तर सेवाग्रामच्या. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. माती, बांबू, कवेलू, गावचेच कारागीर, आणि घर उभं राहिलं. आजही उभं आहे, लोक चपला बाहेर काढून आत जातात. घरकुल योजनेच्या निकषाने ही बापूकुटी म्हणजे कच्चं घर. बापूंचं नाव घरकुलाच्या यादीत, प्रपत्र 'ड' मध्ये, सहज लागलं असतं. पण कटलं असतं! घरी लँडलाइन फोन असेल तर कुटुंब अपात्र, असा नियम होता, आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आश्रमात अजून दाखवतात. ती अट केंद्राने २०२४ मध्ये काढली. बापूंनी आता नव्याने अर्ज करायला हरकत नाही. आधार लिंक असलं म्हणजे झालं.

वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. स्थानिक मातीची, कमी खर्चाची, टिकणारी घरं कशी बांधावीत, हे तिथले लोक १९७६ पासून सांगत आलेत. सरकारने त्याची दखल घेतली आहे, म्हणजे पाहुणे आले की तिकडे नेतात. घरकुल मात्र सिमेंटचंच आणि रेती नदीतलीच.

तेव्हा जिल्हाधिकारी साहेब, पुढच्या अभियानाचं नाव काय ठेवायचं ते ठेवा, बॅनरवर कोणाचा फोटो लावायचा तो लावा. फक्त घाटावरची पाच ब्रास रेती १० जूनच्या आत, दिवसाढवळ्या, लाभार्थ्याच्या दारात टाका. आणि स्लॅबचे पैसे स्लॅबनंतर नाही, स्लॅबच्या आधी सोडा. कुटार आम्ही हलवतो.