सार्थ सविधी काचबदल

पोथी उघडण्यापूर्वी अधिकार पाहावा. हा विधी माझदा एमएक्स-५ या कापडी टपाच्या गाडीच्या पहिल्या पिढीसाठी, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळात बनलेल्या गाड्यांसाठी सांगितला आहे. ज्यांच्या गाडीला पत्र्याचं टप आहे आणि दाराच्या काचेभोवती धडधाकट चौकट आहे, त्यांनी काचवाल्याला फोन करावा आणि चहा टाकावा. त्यांना या विधीची गरज नाही आणि अधिकारही नाही. इथे दाराला चौकट नाही. काच दारातून वर येते ती एकटी, आणि वर तिची गाठ पडते घडीच्या टपाला बसवलेल्या रबराशी. पुढचं सगळं रामायण एवढ्या एका गोष्टीमुळे घडतं.

माहात्म्य

१९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनइची यामामोतो यांना सुचवलं, की जुन्या ब्रिटिश धर्तीची साधी, हलकी, दोघांपुरती उघडी गाडी कुणीतरी पुन्हा बनवायला हवी. खुद्द ब्रिटिश तेव्हा त्या धंद्यातून अंग काढून घेत होते. एमजीबीचं उत्पादन १९८० साली थांबलं. माझदाने विचार करायला बराच वेळ घेतला आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी मांडली. एप्रिल २०१६मध्ये हिरोशिमात दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारमध्ये खपाचा गिनेस विक्रम तिच्याच नावावर आहे.

आपल्याकडे माझदा हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या टेम्पोवरून. त्यामुळे या विधीचा मराठी यजमान बहुधा इंग्लंडातल्या स्लाव, हॅरो किंवा रेडिंग इथे सापडतो. नोकरी आयटीतली, घर हप्त्यावरचं, आणि चाळिशीच्या सुमारास घेतलेली ही जुनी लाल गाडी. पुण्याला फोटो पाठवल्यावर काकांचा एकच प्रश्न आलेला असतो : “मागे कोण बसणार?”

कारण

काच का फुटते याची मीमांसा थोडक्यात करू. चोर येतो, आत पडलेली बॅग बघतो आणि काच फोडतो. कापडी टपाच्या गाडीत शिरायला काच फोडावी लागत नाही, साधी सुरी पुरते. तरी चोराने काच निवडली असेल तर त्याचे मनोमन आभार मानावेत, कारण नवं टप बसवायचा खर्च काचेच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणूनच उघड्या गाड्यांचे मुरलेले इंग्रज मालक आत चिटोरंही ठेवत नाहीत आणि दाराला कुलूपही लावत नाहीत. विमा कंपनीला हे तत्त्वज्ञान पटेलच असं नाही. तिची अट आधी वाचावी.

सुतक

काच फुटल्यापासून नवी येईपर्यंतचा काळ सुतकाचा. या काळात दाराला काळी कचऱ्याची पिशवी चिकटवण्याची इंग्लंडात परंपरा आहे. ती पाळू नये. काळ्या पिशवीतून आरसा दिसत नाही आणि ताशी तीस मैलांच्या पुढे ती असा आवाज करते की शेजारच्या माणसाशी बोलणं खुंटतं. जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यावं. ते रंगाऱ्यांच्या कागदी पट्टीने लावावं. करड्या रंगाची ती सर्वशक्तिमान चिकटपट्टी तीस वर्षांच्या जुन्या रंगावर लावली, तर काढताना ती रंगासकट निघते. मग एक सुतक फिटायच्या आत दुसरं लागतं.

साहित्य

जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, व्हॅक्यूम क्लीनर, पेचकस, एक सुती फडकं आणि दहा मिलिमीटरचा सॉकेट. जपानी गाडीतला निम्मा संसार दहाच्या बोल्टांवर उभा असतो, आणि पेटीतून हरवणारा सॉकेटही नेमका दहाचाच असतो. दोन घ्यावेत. एक हरवण्यासाठी.

आता मुख्य वस्तू, काच. इथे मराठी मन पहिल्यांदा जुगाडाकडे वळतं : ओळखीचा काचवाला गाठू, जुन्या काचेचा माप-नमुना देऊ, कापून घेऊ. हे होणार नाही. दाराची काच टणक केलेली असते. आधी कापून, भोकं पाडून, आकार देऊन मग तिला सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी आखडतो, आतला मागाहून. त्या ओढाताणीत बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि आतला कायमचा ताणाखाली. तोच तिच्या बळाचा पाया. मात्र एकदा टणक झाली की ती कापता येत नाही की भोकही पाडता येत नाही. कुठेही खोल ओरखडा गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे हरभऱ्याएवढे दाणे होतात. समोरच्या काचेला तडा जाऊन ती वर्षभर तशीच राहू शकते, कारण ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते. दाराच्या काचेला आजारपणाची रजा नाही. ती एक तर कामावर असते, नाही तर गेलेली असते.

या विद्येचं मूळ जुनं आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीचा एक मणी होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो आणि शेपटीचं टोक मोडलं की पीठ होतं. राजपुत्र रूपर्टने हे मणी १६६०च्या सुमारास इंग्लंडात आणून दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात दाखवले, आणि रॉबर्ट हूकने १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांच्यावर लिहिलं. आपल्या गाडीच्या आसनावर पसरलेला सडा त्याच घराण्यातला आहे. व्हॅक्यूम फिरवताना एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

तेव्हा काच आणावी ती मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडून. घेताना डावी की उजवी हे तीनदा विचारावं. ब्रिटनमध्ये भागवाला ‘ऑफसाइड’ म्हणतो तेव्हा त्याला रस्त्याच्या मधली, म्हणजे चालकाची उजवी बाजू अभिप्रेत असते. अमेरिकेतला विक्रेता ‘ड्रायव्हर साइड’ म्हणतो तेव्हा डावी. अटलांटिकपलीकडून स्वस्तात मागवलेली आणि सुखरूप पोचलेली चुकीची काच हे या व्रतातलं सर्वांत महागडं दान आहे. कोपऱ्यात कोरलेली खूणही पाहावी : वर्तुळात ‘ई’ आणि आकडा असतो. हा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. जर्मनीचा १, ब्रिटनचा ११.

विसर्जन

इतर पूजांत प्रतिष्ठापना आधी आणि विसर्जन नंतर. इथे क्रम उलटा.

ज्यांच्या गाडीला बटणाच्या काचा आहेत त्यांनी आधी बॅटरी सोडवावी. त्यासाठी बॉनेट उघडून पुढे शोधत बसू नये. या गाडीची बॅटरी मागे डिकीत आहे. हाताने फिरवायच्या काचा असतील तर आधी हँडल काढायचं. ते स्क्रूने बसवलेलं नसतं. मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची एक क्लिप दडलेली असते. तिच्यासाठी ते सुती फडकं. हँडल आणि दाराच्या मध्ये फडकं घालून बुटांना पॉलिश करतात तसं इकडून तिकडे ओढावं. फडक्याचा धागा क्लिपमध्ये अडकतो आणि ती सुटते. सुटते म्हणजे उडते. कुठे उडाली हे पाहण्यासाठी एक माणूस नेमावा.

मग दाराचं आतलं पॅनेल. दिसणारे स्क्रू काढले की ते कडेने प्लास्टिकच्या खुंट्यांवर उभं असतं. खुंट्या तीस वर्षांच्या आहेत, काही मोडतील. नव्या आधीच आणून ठेवाव्यात, त्या स्वस्त मिळतात. पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा कागद, आणि तो धरून ठेवणारा काळा चिकट लगदा. हा लगदा कपड्याला लागला की कपडा गेला, गालाला लागला की सोमवारच्या मीटिंगपर्यंत टिकतो. पण कागद फाडू नये आणि फेकूही नये. दाराच्या पोटात पावसाचं पाणी उतरतंच, ते काचेलगतच्या फटीतून जातंच. ते आसनाकडे न येता खाली जावं म्हणून हा कागद आहे. गॅरेजवाले घाईत तो वगळतात आणि पुढे गालिचा का भिजतो याची चर्चा वर्षभर चालते.

फुटलेले दाणे काढताना आसनं, गालिचा सगळ्यांना सुचतं. दाराचा तळ सुचत नाही. तिथे पाणी जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. दाण्यांनी ती बुजली की दारात तळं साचतं आणि इंग्लंडच्या हवेत गंजाला आणखी निमंत्रण लागत नाही. व्हॅक्यूमची नळी आत घालून तळ साफ करावा, भोकांत बारीक तार फिरवावी, मग आत पाणी ओतून ते खाली टपकतंय याची खात्री करावी. या पोथीतला एकच परिच्छेद पाळायचा असेल तर हा पाळावा.

प्रतिष्ठापना

इथपर्यंत सगळं छापील पुस्तकांत मिळतं. जॉन हेन्सने १९६६ साली स्वतःच्या नावाचं पहिलं दुरुस्ती-पुस्तक काढलं तेही एका छोट्या उघड्या गाडीचं, ऑस्टिन-हीली स्प्राइटचं. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या इंग्रज घरातल्या गॅरेजमध्ये ग्रीस लागलेली ही पुस्तकं उघडी पडलेली आहेत. त्यांचा एकच दोष : काढायचं कसं ते चित्रांसह सांगतात, आणि बसवायची वेळ आली की हाच क्रम उलटा करा म्हणून मोकळे होतात. चौकट नसलेल्या काचेच्या बाबतीत हा सल्ला म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

काच बसवायला दोन माणसं लागतात. आपल्याकडे पूजेत यजमानाने पळी सोडायची आणि यजमानपत्नीने त्याच्या हाताला हात लावायचा, एवढ्यावर भागतं. इथे नुसता हात लावून चालत नाही. एकाने काच वरून खरोखर धरायची आणि दुसऱ्याने आतून बोल्ट लावायचे. काच कोणी धरायची हे आधी ठरवावं, कारण धरणारा काहीही न करता उभा असतो आणि करणाऱ्याच्या कामातल्या चुका त्याला स्पष्ट दिसत असतात.

काच तिरकी करून फटीतून हळूच दारात सोडावी, वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेच्या कंसावर भोकं जुळवावीत आणि बोल्ट फक्त बोटांनी फिरवावेत. आवळू नयेत. बोल्ट दिसला की आवळायचा ही पुरुषी वासना इथे आवरायची. काच किती वर जावी, पुढे-मागे किती झुकावी आणि टपाकडे किती कलावी, हे सगळं अजून ठरायचं आहे, आणि ते एकमेकांत अडकलेलं आहे. उंची बदलली की कल बदलतो, कल बदलला की पुढच्या खांबाजवळची फट बदलते.

टप बंद करून त्याच्या खिट्ट्या लावाव्यात. टप उघडं ठेवून केलेली जुळवणी फुकट जाते. काच वर घेऊन दार सावकाश बंद करावं. काच रबराला नीट टेकली पाहिजे, घुसता कामा नये. जास्त दाबली तर दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि रबर लवकर फाटतं. कमी दाबली तर मोटरवेवर कानाशी शिट्टी वाजते, आणि ती मालकाला जेवढी ऐकू येते तेवढी इतर कुणालाही येत नाही. परीक्षा सोपी आहे : कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून दार लावावं आणि पट्टी ओढावी. अडखळत निघाली तर ठीक. सुळकन निघाली तर फट आहे. फाटली तर दाब जास्त. पुढून मागेपर्यंत दर वितीवर ही पट्टी लावावी. मग थोडं सैल करावं, थोडं सरकवावं, पुन्हा लावावी. काच बदलायला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट इथे जातो, आणि काच बदलणं म्हणजे खरं तर एवढंच काम आहे. पोर्श बॉक्स्टरसारख्या गाड्यांत दाराचं हँडल ओढताच काच आपोआप बोटभर खाली उतरते आणि दार लागलं की वर चढते. तिथे यजमानाऐवजी विजेच्या मेंदूला ही फट शिकवावी लागते.

पन्नासच्या दशकातल्या ब्रिटिशांनी हा प्रश्न मुळातच काढून टाकला होता : बाजूला काचच द्यायची नाही. एमजीए रोडस्टरला खोचायचे पडदे मिळत, आणि बाहेरून दाराला मूठही नसे. आत हात घालून दार उघडायचं. ट्रायम्फने १९६१च्या टीआर-४ला फिरवून वर येणाऱ्या काचा दिल्या, तेव्हा अनेक जुन्या खोडांना ते लाड वाटले. ही जुळवणी एकदा केली की त्या खोडांचं म्हणणं पटायला लागतं.

अभिषेक

सगळे बोल्ट आवळून झाल्यावर एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने टपावरून पाणी सोडावं. नळीचा झोत मारू नये, झारीने पावसासारखं सोडावं. झारी नसेल तर शनिवार-रविवारपर्यंत थांबावं, पाऊस येतोच. आत बसणाऱ्याने खांब आणि टप जिथे भेटतात त्या कोपऱ्याकडे पाहावं. पहिला थेंब तिथे येतो. आला तर कागदाची पट्टी पुन्हा काढावी. त्यानंतरही एखादाच थेंब आला तर मात्र विधी पूर्ण झाला असं धरावं. या गाड्या नव्या असतानाही एवढं पाणी आत घेत.

निर्माल्य

गोळा केलेले दाणे बाटल्यांच्या पेटीत टाकू नयेत. तिथे गाडीची काच चालत नाही. काउन्सिलच्या कचरा केंद्रावर कुठल्या डब्यात टाकायचे ते विचारावं. नेताना पिशवी दुहेरी घ्यावी. एकेरी फाटते.