मुसाराम नावाचा फ्रेंच

हैदराबादच्या मेट्रोत मुसारामबाग नावाचं स्टेशन लागतं. हा मुसाराम कुणी धर्मशाळा बांधणारा शेठजी असावा, असं नवख्याला वाटतं. होता तो फ्रेंच सेनानी, निजामाच्या पदरी. नाव मिशेल रेमों, मृत्यू १७९८. फ्रेंच ‘मस्यू’चा लोकांनी मुसा केला. रेमोंचा हिंदूंनी राम केला, मुसलमानांनी रहीम. सर्वधर्मसमभावाची इतकी बिनखर्चाची योजना पुढे एकाही सरकारला जमलेली नाही.

इंग्रज रेसिडेंटाच्या कोठीचंही तेच. बोलत्या तेलुगूत ‘ठ’ फार तग धरत नाही, म्हणून सगळा परिसर ‘कोटी’ झाला. (तिथले जागांचे भाव पाहता हा उच्चारच बरोबर म्हणायचा.) दखनीवाले घशातला ‘क’ थेट ‘ख’वर नेतात, गोवळकोंड्याचे कुतुबशहा त्यांच्या तोंडी खुतुबशहा होतात. खुद्द सुलतानांची ही गत, तिथे रेमोंचं काय घेऊन बसलात!

आपण मराठी तरी कुठे साव? हैदराबादचं ‘हैद्राबाद’ आपणही करतोच. मराठवाडा १९५६पर्यंत त्याच राज्यात होता, तेव्हा तेवढा हक्क धरू.

तरीही शुद्ध उच्चाराचे कैवारी अधूनमधून उगवतात. त्यांनी एकदा रिक्षावाल्याला अस्सल फ्रेंच ढंगात ‘मस्यू रेमों’ची बाग सांगून पाहावी. तुम्ही मात्र मुकाट्याने मुसारामबाग म्हणा, वेळेवर पोहोचाल.