नानांचं झोपखातं

खरवईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी एक ते चार कुणाची बेल वाजवू नये असा सोसायटीचा ठराव नाही, पण नाना आहेत. नाना अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी कुणाची तरी हजेरी घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. सध्या पटावर एकच नाव आहे: नात ओवी, वय वर्षं साडेतीन.

तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही घातली आहे. रकाने चार: आडवी केली, डोळे मिटले, उठली, शेरा. ‘भंगारवाल्याच्या स्पीकरमुळे अकाली जाग’ किंवा ‘लाईट गेली, पंखा बंद, काम ठप्प’ असले शेरे लाल शाईत असतात.

हल्ली ‘डोळे मिटले’ हा रकाना कोराच जायला लागला. ओवी आडवी होते, पाऊण तास पायाने भिंत मोजते आणि नाना घोरायला लागले की हळूच उठून कणकेच्या डब्याकडे जाते. माई म्हणाल्या, “अहो, सुटायला आली तिची दुपारची झोप. तीन ते पाचच्या दरम्यान बहुतेक पोरांची सुटते.”

“तशी ऑर्डर आलीय का?” नाना.

ऑर्डर कोण काढणार, हाच घरातला खरा तंटा. ओवी दुपारी झोपली, तर रात्री साडेअकरापर्यंत टकटकीत जागी. नाही झोपली, तर संध्याकाळी साडेसातला वरणभाताच्या ताटावरच मान टाकते. तिच्या आईचं ऑफिस सीएसएमटीजवळ. तिथून बदलापूर ६८ किलोमीटर, गाडीत पाय ठेवायला मिळाला तर. उतरल्यावर रिक्षाची रांग वेगळी. घरी यायला नऊ वाजतात. म्हणजे दुपारची झोप बंद केली, तर आईला सोमवार ते शुक्रवार लेक फक्त झोपलेलीच दिसणार. चालू ठेवली, तर दिवसभर पिळून निघालेल्या त्या बाईने साडेअकरापर्यंत भातुकलीतला चहा पीत बसायचं. बाकीच्या जगात ही झोप पोराची लक्षणं बघून बंद करत असतील. आमच्याकडे मध्य रेल्वेचं वेळापत्रकही बघावं लागतं.

नानांनी बाजू भक्कम मांडली. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, त्याचं कात्रण वहीत चिकटवलेलंच होतं. “मुलांची झोप होत नाही हे राज्यपालांनी बोलून दाखवलं, आणि तुम्ही घरात कपात करताय!”

शेवटी वही काखोटीला मारून मंडळी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी वही कौतुकाने चाळली (शेरे मोठ्याने वाचले, ते नानांना आवडलं नाही) आणि सांगितलं, की या वयाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप पुरते, दुपारची धरून. बेरीज भरतेय ना, मग झाली तर झाली, नाही तर नाही. काही दिवस झोपेल, काही दिवस नाही झोपणार. झोपलीच तर तासाभराने उठवा, फार उशिरापर्यंत लोळू देऊ नका.

“झाली तर झाली” हे नानांच्या नोकरीत कधी चाललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तासाभराने त्यांनी ओवीला उठवलं. कच्च्या झोपेतून उठलेल्या ओवीने आधी चष्मा फेकला, मग वही. माई स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आल्या नाहीत.

मग सूनबाईच म्हणाली, “नाना, आठवडाभर पडू दे तिला तासभर. माझी तेवढीच भेट होते. रविवारी मी घरीच असते, रविवारी नको. लवकर झोपली तर मीही लवकर झोपेन.”

नानांनी विचार केला, पेन काढलं आणि वहीवर लिहिलं: ‘रविवारी मेगाब्लॉक. दुपारची सेवा रद्द.’ खाली सही, तारीख. नानांची स्वतःची सेवा मात्र रविवारीही दीडच्या ठोक्याला सुरू होते, आणि ती दोन मजले ऐकू जाते.

आता ओवीचं प्रकरण मार्गी लागल्यामुळे नानांचा हात रिकामा झाला आहे. पलीकडच्या विंगमधलं दीड वर्षाचं बाळ दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतंय, असं त्यांच्या कानावर आलं. त्याच्या आईला नवीन रकाने आखून द्यायला नाना स्वतः गेले आणि बेल वाजवली. अडीच वाजले होते. बाळ नुकतंच झोपलं होतं.