शेठ, गाडी मागं घे!

गाडी आली त्या दिवशी नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली आणि सकाळपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर असलेला ड्रायव्हर संध्याकाळी शेठ झाला. दहा टायरची गाडी, बॉडीसकट तीस लाखांच्या पुढे. मागच्या फाळक्यावर पेंटरने ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ काढला. आरसी बुकात मात्र आशीर्वाद फायनान्स कंपनीचा आहे. खाली ‘हॉर्न ओके प्लीज’ही आलं. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 साली व्यापारी वाहनांवर हे लिहायला बंदी घातली, लोक त्यामुळे उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. तो आदेश पेंटरपर्यंत यायला निघालाय. वाटेत कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकला असावा.

शेठ म्हणून हाक मारणारे तसे तिघेच: हप्ता वसूल करणारा, विमा काढणारा आणि टायर विकणारा. गाडी गोदामाच्या दाराशी लागली की तोच माणूस ‘ए ड्रायव्हर, मागं घे’ होतो. गोदामाचा मुकादम आरसी बघून हाक मारत नाही.

शेठ झाल्याची पहिली खूण म्हणजे कागद. साडेअठ्ठावीस टनी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने 43,950 रुपये, नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500. शिवाय फिटनेस, पीयूसी, रोड टॅक्स. नव्या गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दरसाल. ड्रायव्हरचं फिटनेस लायसन्स काढताना आणि नव्याने करताना तपासतात. मधल्या पाच वर्षांत त्याच्या कमरेचे पाटे तुटले तर त्याचं पासिंग कुठे होत नाही.

मग दलाल. ‘शेठ, कळंबोलीहून नागपूर, स्टील आहे, पण रेट पडलाय.’ भाड्याचा रेट हा कायम पडलेलाच भेटतो. उभा असलेला कोणी पाहिलेला नाही. 2018 च्या जुलैत केंद्राने एक्सलचं वजन वाढवलं आणि तीन एक्सलच्या गाडीला 25 ऐवजी साडेअठ्ठावीस टनांची परवानगी मिळाली. गाडीवाल्यांना साडेतीन टन फुकट मिळाल्याचा आनंद झाला. व्यापाऱ्यांनी तेवढ्याच मालाला कमी गाड्या लागतात हे बोटांवर मोजलं आणि साडेतीन टन गुपचूप आपल्या खिशात घातले.

दलालाकडे त्यावरही औषध असतं. ‘दोन टन वर टाका की, कोण बघतंय?’ बघणाऱ्याचा दर कायद्यात लिहिलेला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. दोन टनांचे झाले 24,000. त्या दोन टनांचं जादा भाडं या आकड्याच्या सावलीलाही उभं राहत नाही, आणि दंड झाला की दलालाचा फोन लागत नाही. तरी गाड्या वर भरल्या जातात, कारण महिन्याच्या पाच तारखेला हप्ता आहे आणि पाच तारीख कधी पंक्चर होत नाही.

महाराष्ट्रात या धंद्याची खास स्वतःची एक चीज आहे: वाराई. माल व्यापाऱ्याचा, गोदाम व्यापाऱ्याचं, फायदा व्यापाऱ्याचा. भरण्या-उतरवण्याच्या पैशातला वाटा मात्र गाडीवाल्याकडून. गाडीवाल्यांच्या संघटना वर्षानुवर्षं ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी घोषणा देत आल्या आहेत. घोषणा यमकात बसते, व्यवहारात बसत नाही. बरं, हमालाचाही यात दोष नाही. त्याच्यामागे निदान 1969 चा माथाडी कायदा आणि मंडळ उभं आहे. शेठच्या मागे क्लीनर उभा असायचा, पण त्याचा पगार परवडेना म्हणून तोही आता नाही. गाडी मागं घेताना आरशात बघायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

भरलेली गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते. नागपूर आठशेच्या घरात, म्हणजे दोनशे लिटर डिझेल, लिटरमागे नव्वद रुपये धरून अठरा हजार. तेही फक्त जातानाचे. बीएस-6 आल्यापासून गाडी युरियाही पिते, शंभर लिटर डिझेलला पाचेक लिटर. शेतातल्या पिकाला युरिया मिळेना म्हणून जो ट्रकवर आला, त्याच्यावर आता ट्रकला युरिया पाजायची वेळ आली आहे. टोलचं बोलायला नको. फास्टॅगमुळे पैसे इतके झटपट जातात की हळहळायलाही वेळ मिळत नाही.

एवढं करून गाडी पोचते आणि गेटवर उभी राहते. साहेब जेवायला गेलेत, उद्या रविवार, परवा बघू. इकडे ई-वे बिलाचं घड्याळ चालूच. दर 200 किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब, 2021 च्या आधी तर 100 ला एक होता. मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून मिळते. पण वाढवायची असते ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या मुलाने, आणि तो रात्री फोन बंद करून झोपतो. कागद चुकला त्या मुलाचा, माल व्यापाऱ्याचा, अडकते गाडी.

या सगळ्यात गंमत आहे ती केबिनच्या आत. तिथे शेठ आणि ड्रायव्हर एकाच बनियनमध्ये बसलेले असतात आणि दोघांचं पटत नाही. ड्रायव्हर म्हणतो, डोळे मिटतायत, धाब्यावर लावू. शेठ म्हणतो, पाच तारीख. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. इथे कामगार एक, तोच संस्था, तोच व्यवस्थापन. स्वतःविरुद्ध संप करायचा तर हप्ताही स्वतःचाच बुडणार. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, हे सरकारने फार चांगलं केलं. ड्रायव्हर बटण दाबतो, शेठ डिझेल आठवून बंद करतो. घाट संपेपर्यंत हे चार-पाच वेळा होतं.

आता एवढ्या उलाढालीत उरतं किती, हे त्याला स्वतःला कधी कळत नाही. भाड्याची बाकी पोहोच गेल्यावर मिळणार असते; पोहोच गेलेली असते, बाकी यायची असते. सुदैवाने आयकर खात्याला ते कळतं. दहापर्यंत गाड्या असलेल्यांसाठी सवलत आहे: हिशेबाच्या वह्या नकोत, बारा टनांवरच्या गाडीचं उत्पन्न महिन्याला टनामागे 1,000 रुपये धरायचं. साडेअठ्ठावीस टन, म्हणजे 28,500. गाडी पळो, गॅरेजात इंजिन उघडं पडो की गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असल्याने पार्किंगला उभी असो. नावावर आहे ना, मग कमावतेय. वर्षाचे झाले 3 लाख 42 हजार. हा कागद घरी दाखवल्यावर बायकोने विचारलं, ‘मग आहेत कुठं?’

परवा फायनान्सचा एजंट घरी आला. सगळे हप्ते वेळेवर आहेत म्हणाला, शेठ, रेकॉर्ड चांगलंय, दुसरी घ्या; सरकारची सवलत दहा गाड्यांपर्यंत आहे. दहा गाड्या झाल्या तर कागदावर वर्षाला 34 लाख 20 हजार. शेठने दोनदा गुणाकार करून बघितला, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि एजंटाला विचारलं, ‘बारा टायरची केवढ्याला बसेल?’