सोपं आहे हो, काकू!

ऐकलंत की नाही? बे एरियातल्या आपल्या मंडळींना नवीन खूळ लागलंय. फोनला कव्हर, कव्हरावर कव्हर घालणारी, दातांचासुद्धा वेगळा विमा उतरवणारी ही मुलं शुक्रवारी मध्यरात्री गाडी काढतात, योसेमिटी गाठतात आणि हाफ डोम नावाच्या कातळाच्या पाठीवरून वर चढतात. पायऱ्या नाहीत, शिडी नाही. विचारलं तर एकच उत्तर : "सोपं आहे हो, काकू!"

त्या सोप्या वाटेचं नाव स्नेक डाइक. नावातच साप! १९६५ साली एरिक बेक, जिम ब्रिडवेल आणि ख्रिस फ्रेडरिक्स हे तिघं ती पहिल्यांदा चढले. ग्रॅनाइटच्या भेगेत मागाहून तप्त रस शिरला, थिजला, आजूबाजूचा दगड झिजत गेला आणि रसाचा हा पट्टा, म्हणजेच डाइक, पाठीवर सोडलेल्या वेणीसारखा वर उठून राहिला. त्याचे उंचवटे हातापायांना मिळतात, म्हणून श्रेणी अवघी ५.७. जिममध्ये नवशिक्यांना देतात ना, तेवढीच. तरी खालच्या टप्प्यात वेणीपर्यंत पोचायला गुळगुळीत दगडावरून आडवं जावं लागतं. तिथे धरायला काहीच नाही. सगळा भरवसा बुटाच्या रबरावर. आणि भीती वाटून दगडाला मिठी मारली, तर पाय सुटतात म्हणे. म्हणजे घाबरायचीही सोय नाही!

खरी भानगड तर पुढेच आहे. सोपी म्हणूनच या वाटेवर दोर अडकवायचे बोल्ट कमी! हातोडीने भोकं पाडत कशाला थांबा, म्हणून त्या तिघांनी मोजकेच ठोकले. पुढे आणखी ठोकले गेले, तेही त्यांची परवानगी घेऊन. या जमातीत तसा रिवाजच आहे. दुसऱ्याने उघडलेल्या वाटेवर न विचारता बोल्ट मारला की वाळीत टाकतील. आईवडिलांना न विचारता घर घेणारी माणसं, पण इथे केवढं सोवळं!

एवढ्यावरही काही ठिकाणी दोन बोल्टांमध्ये ७५ फुटांपर्यंत अंतर आहे. आता हिशेब करा. पुढचा, म्हणजे लीड करणारा, गडी वरच्या बोल्टाशी पोचता पोचता घसरला, तर ७५ फूट खालच्या बोल्टापर्यंत आणि तेवढाच त्याच्याही खाली. झाले दीडशे! दोर असतो ना, म्हणाल. असतो की. पण आधी कातळ किसून घेतो आणि मग दोर धरतो. म्हणून ५.७ च्या पुढे 'आर' लावतात. ही अक्षरं अमेरिकन सिनेमांच्या सर्टिफिकेटावरून उचललेली. 'आर' म्हणजे पडलात तर जबर लागेल. तिथे सिनेमा चालतो दोन तास, इथे दिवस मोडतो. खालून मैलोन् मैल चालत यायचं, आठेक दोरांच्या लांबीएवढं चढायचं, ते संपलं की माथ्यापर्यंत पोटऱ्या पेटवणारा तिरका कातळ आहेच.

आणि माथ्यावर काय? गर्दी! दुसऱ्या अंगाने १९१९ पासून लोखंडी केबल लावलेल्या आहेत, त्या धरून पर्यटक येतात. त्यांना परवाना लागतो आणि परवान्याला लॉटरी. कातळावरून चढून आलेल्यांना मात्र त्याच केबलवरून बिनपरवाना उतरता येतं. लॉटरीत नाव न लागलेली बिचारी घरी बसतात आणि ही मंडळी पाठीमागून येऊन रुबाबात पुढच्या दाराने उतरतात. नियमात बसतं हो, पण शोभतं का?

आमच्या एका मामांनी तरुणपणी लिंगाण्याचा सुळका सर केला होता. मला वाटलं, ते तरी कान उपटतील. तर म्हणाले, "आपल्या सह्याद्रीत धरलेला दगड हातात येतो. त्यांचा निदान जागेवर राहतो." घ्या! अशाने मुलं सुधारायची कशी?

हे लोण आता लग्नाच्या बाजारातही पोचलंय. मंडळातल्या एका वहिनींनी लेकीच्या बायोडेटात, शिक्षण आणि उंचीच्या मधोमध, 'लीड करते : ५.७ आर' असं छापलं. मुलाकडच्यांनी 'आर' म्हणजे रेसिडेन्सी असावी असं धरून तत्काळ होकार कळवलाय.